बारा लॉक

लॉक माझ्या पायाखाली होतं आणि आमचे हे सगळं अंगण पालथं घालत होते.

दुपारच्या टळटळीत उन्हात बॅटरी घेऊन! गुडघ्यांवर बसून, गाडीच्या चाकामागे, तुळशीच्या कठड्याखाली, मातीवरून हात फिरवत. मी पायरीवर, मांडीवर सूप.

"सरजा, कुठं उडालं ते पाह्यलंस का?"

"मला काय माहीत? मी गहू निवडायलेय."

चक्क खोटं बोलले. या वयात, नवऱ्याशी.

लॉक म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा लोखंडी तुकडा. आमच्या जुन्या मारुतीच्या इंजिनावर जे हेड असतं त्यात सहा वॉल, म्हणजे झडपा, आणि एकेका वॉलची स्प्रिंग धरून ठेवायला अशी दोन-दोन लॉक. बाराच्या बारा बसल्याशिवाय गाडी चालू होत नाही, एवढं मेकॅनिकची बायको म्हणून मलाही कळतं. सकाळपासून चार बसली होती. पाचवं यांच्या बोटांतून उडालं ते थेट माझ्यापाशी आलं आणि मी त्यावर पाय ठेवला. ठरवून नाही, ठेवला गेला. पण मग उचललाही नाही.

यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. आधी बशीतला चहा सांडायला लागला, मग बँकेतून सही जुळत नाही म्हणून कागद परत आला. विचारलं की एकच उत्तर, "म्हातारपन हाय, दुसरं काय?" आमची लेक राजेश्री परभणीला नर्स आहे. तिनं वैतागून सोमवारचा मेंदूच्या डॉक्टरचा नंबरच लावून टाकला. त्याच आठवड्यात हे रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं विसरले आणि पाथरीहून मानवतला येताना गाडी तापून रस्त्यातच वाफा सोडायला लागली. शेजारचा दत्ता जीप चालवतो, त्यानं ओढून आणली. "काका, गॅरेजला टाका," म्हणाला. झालं! एस.टी.च्या डेपोत बत्तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला असं म्हणायचं?

"रविवारच्या संध्याकाळपर्यंत हे हेड माझ्या हातानं बसवतो," यांनी मला ठणकावलं. "गाडी चालू झाली की डॉक्टरचा नंबर रद्द. पुन्हा नाव काढायचं न्हाई."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर तू म्हनशील तिथं येतो. शब्द हाय माझा."

त्या शब्दावर मी आठवडाभर जीव मुठीत धरून बसले होते.

तापून वाकलेलं हेड परभणीहून फेस करून आणलं, म्हणजे खालची बाजू मशीनवर सपाट केली. बाकी सगळं अंगणात. माझ्या चांगल्या परातीत रॉकेल ओतलं, माझ्याच उलथण्यानं वॉलवरची काजळी खरवडली. मी बोंबलले, कुणी ऐकलं नाही. मग पेस्ट लावून एकेक वॉल त्याच्या जागेवर घासायचं. त्याला एक काडी चिकटवून, दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. दत्ता म्हणाला, "काका, याला तुमचाच हात पायजे. आपोआप हालतो!" हे खो खो हसले. मला काही हसू आलं नाही. घासून झाल्यावर वरून रॉकेल भरून ठेवलं, तासाभरात एक थेंब खाली उतरला नाही, इतके वॉल चोख बसले. त्या वेळी मात्र मला यांचा असा अभिमान वाटला की विचारू नका.

आणि आता मी याच माणसाच्या कामावर पाय देऊन बसले होते. रविवारची दुकानं बंद, दुसरं लॉक मिळायचं नाही. अजून तीन तास पाय हलवला नाही की सोमवारी डॉक्टर.

हे उठले आणि पत्र्याच्या खांबाला टेकून बसले.

"डेपोत डोळे झाकून बसवायचो गं," म्हणाले. "पोरं बघायला गोळा व्हायची."

मग त्यांनी उजवा हात समोर धरला, परक्याचा असल्यासारखा पाहिला, आणि डाव्या हातानं त्याला फाडकन मारलं. पुन्हा एकदा मारलं. लेकरालासुद्धा कधी असं मारलं नव्हतं त्यांनी.

माझ्याच्यानं बघवलं नाही. पाय उचलला.

"हे काय, इथं तर पडलंय."

त्यांनी लॉक पाहिलं, मग माझा पाय पाहिला.  मी हात धुऊन त्यांच्यासमोर फतकल मारली.

"स्प्रिंग तुमी दाबा. लॉक मी ठेवते."

"तुला जमतंय व्हय?"

"रोज फुलवाती वळते मी. कसं ठेवायचं तेवढं सांगा."

"बोटाला ग्रीस लाव. चिकटून राहतंय. हां, आता तिरपं धर... दमानं गं, पळून चाललं का ते?"

यांनी चिमट्यानं स्प्रिंग दाबून धरायची, मी लॉक सरकवायचं. उरलेली आठ अशी बसली. इतक्या वर्षांत यांनी मला आपलं काम शिकवल्याचं हे पहिलंच. खोटं कशाला बोलू, मला लय आवडलं.

पुढचं त्यांनी एकट्यानं केलं. हेड बसवलं, मधले बोल्ट आधी, मग कडेचे, पाना दोन्ही हातांनी ओढत. सहाच्या सुमाराला किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. गल्ली गोळा झाली.

"मानलं काका! हात अजून तसाच हाय तुमचा," दत्ता म्हणाला.

"मग? बत्तीस वर्षं काय झक मारली का?"

माझं नावसुद्धा नाही. मी घरात गेले आणि पिठाच्या डब्यापाशी उभी राहून रडले. यांचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. हाताशी आलेली एकच संधी मी घालवली, आणि वर स्वतःच्या बोटांनी घालवली. नंबर रद्द करायला राजेश्रीला फोन करायचा होता, तो काही माझ्याच्यानं लावला गेला नाही. यांनीही विचारलं नाही.

सकाळी मी उठले तर यांचं अंथरूण रिकामं. बाहेर गाडीचा आवाज. धावत दारात आले.

गाडी फाटकात उभी होती आणि स्टेअरिंगवर दत्ता होता. गाडी घेतल्यापासून यांनी ते जावयाच्याही हाती दिलं नव्हतं. हे डावीकडच्या सीटवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"चल, बस मागं," म्हणाले. "किती वाजताचा नंबर हाय?"

"पन तुमी तर जिंकलात की!"

"माझ्या हातानं बसवतो म्हनलं होतं मी."

आणि समोर रस्त्याकडे बघत राहिले. शर्टाची एक गुंडी चुकली होती, सगळा पुढा वाकडा झाला होता. मी खिडकीतून हात आत घातले, वरपासून खालपर्यंत गुंड्या काढल्या आणि पुन्हा नीट लावल्या. त्यांनी लावू दिल्या. तेवढा वेळ दत्ता बाजूच्या आरशात बघत होता.