उलटं टोक

रेडिओने दोऱ्याचं टोक जिभेवर टेकवलं, दोन बोटांत दाबून चपटं केलं आणि सुईच्या नेढ्यातून पार केलं. अकरा झाल्या. आणखी एक ओवली की दप्तर उचलून पळायचं. दुसऱ्या टोकाला गाठ मारून तिने सुई टाचण्या-सुयांच्या लाल गादीत खोचली आणि बारावी हातात घेतली.

रेडिओ हे नाव बाबांनी ठेवलेलं. पोरगी एकदा सुरू झाली की तिचं बटण सापडत नाही, म्हणून. खरं तर घरात तिला टक्कर देणारे तेच होते. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप ठेवला की मापं होईपर्यंत त्याच्या तीन पिढ्यांची चौकशी करून मोकळे व्हायचे.

मग त्यांच्या डाव्या कानाखाली गोटीएवढी गाठ आली. तिथल्या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. डॉक्टरीणबाईंनी ती नस जपून ग्रंथीसकट गाठ काढली, पुढे किरणोपचार दिले. गाठ गेली, हसू शाबूत राहिलं. तोंडातली लाळ तेवढी आटली. आता बाबांना प्रत्येक घास पाण्याने ढकलावा लागे, दोन वाक्यांमागे ग्लास लागे. बोलायचा कंटाळा येऊन ते गप्पच बसायला लागले.

रेडिओने मग विज्ञानाचं पुस्तक पालथं घातलं होतं.

"बाबा, मोठ्या ग्रंथी सहा असतात. कानांपुढे दोन, जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन. तुमची एक गेली, पाच उरल्या. शिवाय ओठांत, गालांत बारीक बारीक शेकड्यांनी असतात."

"मग त्या शेकडोजणींनी संप केलाय का?"

"संप नाही हो. किरणांचा चटका शेजारच्यांनाही बसतो. दमल्यात बिचाऱ्या."

डॉक्टरीणबाईंना मात्र तिने दहा वेळा विचारलं, तरी त्यांचं उत्तर एकच होतं. "थोडी लाळ परत येईल. किती आणि कधी, ते मी सांगू शकत नाही."

खरी पंचाईत सुईपाशी होती. मशीन आई चालवायची, पण कोटाचं अस्तर, काजं, बटणं हे सगळं बाबांचं हातकाम. चाळीस वर्षं त्यांनी दोरा तोंडाने ओला करून ओवला होता. वाटीत पाणी घेऊन पाहिलं, तर दोरा फुगून टोकाशी विसकटायचा. आईने सुई ओवायचं तारेचं साधन आणलं, ते त्यांनी न बोलता खणात टाकलं. आणि एका दुपारी रेडिओने पडद्याआडून ऐकलं.

"हातातले कोट संपवू," बाबा आईला म्हणत होते. "मग दुकानाची पाटी उतरवू."

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ सकाळी बारा सुया ओवून ठेवू लागली. बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत गादी रिकामी व्हायची. जमिनीवर दोऱ्याचे गुंतलेले पुंजके पडलेले असत. कामाचाच कचरा तो, असं समजून ती ते झाडून टाकायची. असे चार महिने गेले. हातातल्या कोटांपैकी एकच उरला.

त्या दिवशी शाळेतून आली तेव्हा तिचं पहिलं लक्ष गादीकडे गेलं. बाराच्या बारा सुया सकाळी खोचल्या तशाच उभ्या होत्या.

म्हणजे आता पाटी उतरणार, तिला वाटलं. आई मान खाली घालून मशीन चालवत होती. बाबा स्टुलावर बसले होते.

"ये, बस इथे," बाबा म्हणाले. त्यांनी गादीतली एक सुई उपसली आणि दोरा तिच्या नाकासमोर धरला. "गाठ कुठल्या टोकाला मारलीस?"

"या... या टोकाला."

"उलट्या! रिळातून आधी सुटतं ते टोक नेढ्यात जातं. गाठ कापलेल्या टोकाला. तू रोज उलटं करतेस. दोऱ्याचा पीळ सुटतो आणि चार टाक्यांत गुंता होतो. रोज बारा सुया, रोज बारा गुंते! शिंप्याची मुलगी ना तू?"

रेडिओचे कान लाल झाले.

"चार महिने गुंते सोडवत बसलात आणि सांगितलं नाहीत?"

"दुसरं कोण होतं ओवणारं? तुला नावं ठेवून मी काय केलं असतं?"

आईचं मशीन थांबलं.

रेडिओ उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला कोपऱ्यातल्या पुतळ्यावर चढवलेला कोट दिसला. ती उठून जवळ गेली. अस्तराची कड खालपर्यंत शिवून झाली होती. टाके तांदळाच्या कण्यांसारखे, एका मापाचे. कुठे गुंत्याची खूण नाही. ती वळली. बाबांच्या सदऱ्यावर, छातीपाशी, तेरावी सुई खोचलेली होती. तिच्यातून दोऱ्याची शेपटी लोंबत होती.

"तिकडे काय बघतेस? इकडे बघ." बाबांनी रिळातून हातभर दोरा ओढला, कापला. हात सवयीने ओठांकडे गेला आणि टोक ओलं चमकत खाली आलं. "हे असं. आता तू कर. आणि नीट ओलं कर, कंजुषी नको. उद्या नव्या कोटाचं कापड येतंय. मुख्याध्यापिकाबाईंचं. उंच आहेत, डावा खांदा जरा उतरता. त्यांच्या वडिलांचा कोट मीच शिवला होता. ते गृहस्थ म्हणजे..."

"बाबा, पण..."

"थांब गं, मध्ये बोलू नकोस. तर ते गृहस्थ..."

रेडिओ दोऱ्याचं सुलटं टोक ओठांत धरून ऐकत राहिली. बाबांच्या कोपरापाशी पाण्याचा ग्लास सकाळी आईने भरला होता तसाच, काठोकाठ होता.