बिनरमचा भुईकोट

पेगचं स्टीलचं माप पाण्याने काठोकाठ भरलं, की पाणी काठाच्या किंचित वर चढून राहतं. डोळा काठाच्या पातळीवर आणून पाहिलं तर बुटका घुमट दिसतो. रमचा असा घुमट होत नाही. झालाच तर जेमतेम, आणि लगेच ओघळतो. तिचा पृष्ठताण कमी असतो. पाण्याचा घुमट मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिला. रमचं सम्राटने तोंडी सांगितलं, कारण आमच्या घरात रम कधी आली नाही.

सम्राट माझा धाकटा भाऊ. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीलगत आप्पासाहेबांची परमिट रूम होती, तिथे तो काउंटरमागे उभा असायचा. मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. आईला त्याने सांगितलं होतं की तो हॉटेलात सरबतं करतो. आईने पुढे विचारलं नाही आणि त्याने पुढे सांगितलं नाही. वाक्य खोटं नव्हतं, अपुरं होतं.

त्या वर्षांत नागापूरच्या कारखान्यांत पुण्याहून इंजिनिअर येऊ लागले होते. रम आणि पाणी, रम आणि थम्सअप, याला ते कंटाळायचे. आप्पासाहेब मूळचे पारनेरकडचे. त्यांनी पुण्याच्या एका हॉटेलात कॉकटेल पाहिलं होतं; प्यायलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. परत आल्यावर ते सम्राटला म्हणाले की तसलं काहीतरी कर, पण आपल्या इथलं वाटलं पाहिजे. नावं ठेवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. डाळिंबाच्या लाल पेयाचं नाव त्यांनी नगरच्या किल्ल्यावरून भुईकोट ठेवलं आणि पुदिन्याच्या हिरव्याचं जवळच्या सहलीच्या गावावरून डोंगरगण. भुईकोट किल्ल्यात लाल असं काही नाही, हे मी सम्राटला सांगितलं. तो म्हणाला, हे तू आप्पासाहेबांना सांग.

अडचण वेगळीच होती. सम्राट पीत नव्हता. चवीपुरतंसुद्धा नाही.

आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. आई पुढे पंचशील म्हणते, आम्ही तिच्या मागून. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. सम्राट चार शीलं खणखणीत म्हणायचा आणि पाचव्याला मेणबत्तीची वात नीट करायला पुढे वाकायचा. वात रोज नेमकी तेव्हाच कशी बिघडते, हेही आईने कधी विचारलं नाही. एकदा मी त्याला म्हटलं की तू पीत नाहीस, तर म्हणायला हरकत काय? तो म्हणाला, पाजतो ना. शीलात पाजण्याचा उल्लेख नाही, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्यावर त्याने वात कापायला कात्री मागितली.

म्हणून आम्ही चव घेण्याची एक पद्धत बसवली. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो घरी सगळं पेय करायचा आणि जिथे रम घालायची तिथे त्याच मापाने पाणी घालायचा. पाक किती घट्ट असला तर तळाशी बसतो आणि किती पातळ असला तर वरच्या थरात मिसळतो, हे मी सांगायचे. आंबटपणाचंही थोडंफार सांगायचे. पण चव आईची. ती पाथर्डीकडची, उन्हातून चालून आलेल्या माणसाला काय बरं वाटतं, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. ती एक घोट घ्यायची, भिंतीकडे बघायची आणि निकाल द्यायची. डोंगरगणात पुदिना वाटू नकोस, नुसता चुरगळ, हे तिचं. भुईकोटात काळं मीठ हवं, हेही तिचंच. एका रविवारी ती म्हणाली की भुईकोटात आलं लई झालंय, घशाला लागतंय. सम्राटने आलं निम्मं केलं. आमच्या पाण्यात जाळ नव्हता आणि तिथल्या रममध्ये होता, त्यामुळे ही दुरुस्ती घरापेक्षा परमिट रूममध्येच जास्त लागू पडली. अशा रीतीने आप्पासाहेबांच्या कार्डावरचं एकूणएक कॉकटेल आईने पास केलेलं होतं.

मग आप्पासाहेबांनी सुप्याजवळ पुणे रस्त्यावर जागा घेतली. बाग, झाडाखाली टेबलं आणि बार. तो सम्राटने भागीत चालवावा आणि पाटीवर त्याचंही नाव असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सम्राटला ते हवं होतं. झोपेतसुद्धा तो ग्लासांच्या उंचीबद्दल बोलायचा. पण उत्तर देताना तो आधी दिवाळीनंतर म्हणाला, मग संक्रांतीनंतर, मग जयंतीनंतर. दुसऱ्याच्या काउंटरमागे उभं राहणं ही नोकरी होती. स्वतःच्या नावाची पाटी लावायची, तर आधी आईला सांगायला हवं होतं. एकदा आप्पासाहेब मला माळीवाड्याच्या स्टँडवर भेटले आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या भावाला लिंबू कापायला तर येवढा येळ लागत न्हाई.”

चौदा एप्रिलला मिरवणुकीतल्या लोकांना सरबत वाटायचं काम वस्तीच्या मंडळाने नेहमीप्रमाणे सम्राटला दिलं. दरवर्षी तो लिंबाचं करायचा. त्या वर्षी डाळिंबं चांगली आली होती. त्याला सगळ्यात चांगलं जे येत होतं ते त्याने केलं. पाक, लिंबू, काळं मीठ, निम्मं आलं, बर्फ. रमच्या जागी पाणी घालायची त्याला घरी सवय होतीच. मिरवणुकीत त्याची परमिट रूममधली गिऱ्हाइकंही असतील, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. माझ्याही आली नाही.

आई पिंपाशी ओगराळं घेऊन उभी होती. मी पेले पुढे करत होते. नागापूरला लेथवर काम करणारा मच्छिंद्र आला, एका दमात निम्मा पेला प्यायला आणि थांबला. उरलेला निम्मा त्याने सावकाश प्यायला.

“सम्राटशेठ,” तो म्हणाला, “ह्यो तर भुईकोट हाय की. पन अर्धाच.”

त्याच्यामागचे दोघे खात्री करायला पुढे आले. एकाला आलं ओळखीचं वाटलं. दुसरा म्हणाला की तिथं उंच ग्लासात देतात, त्यानं फरक पडतो. तिघं पेले धरून चर्चा करू लागले आणि मागे रांग थांबली.

“अर्धा म्हंजे?” आईने विचारलं. “काय कमी हाय त्यात?”

मच्छिंद्रने सम्राटकडे पाहिलं. तसा तो भला माणूस. “बरफ,” तो म्हणाला.

आईने पिंपात पाहिलं. बर्फाच्या लादीचा अर्धा तुकडा त्यात तरंगत होता. मग तिने सम्राटकडे पाहिलं.

“रम, आई,” सम्राट म्हणाला.

ढोल जवळ आला होता, पण तिने ते ऐकलं. पुढचा पेला तिने बंदोबस्तावरच्या हवालदाराला भरून दिला. त्याने अजून एक मागितला. पिंप संपेपर्यंत आई वाटत राहिली. सरबताबद्दल कोणाचीही तक्रार आली नाही.

घरी आल्यावर तिने ओगराळं घासून पालथं घातलं आणि पदराला हात पुसले.

“ती सगळी त्यातलीच का? पुदिन्याची बी?”

“हो.”

“मी आलं कमी कर म्हन्ले हुते. ते तिथंबी कमी केलं?”

“केलं.”

“मग?”

“सगळ्यात जास्त तेच जातं,” सम्राट म्हणाला.

आईने मान हलवली. भाजी नीट शिजली आहे असं कळल्यावर ती तशीच मान हलवते. यातून काय निष्कर्ष काढावा, मला कळलं नाही. मग ती खाली बसली.

“मच्छिंद्राला ठावं. त्या दोघास्नी ठावं. सायलीला तर ठावंच असंल.” माझ्याकडे तिने पाहिलं नाही. “चव बघायला मी चालते तुला. सांगायला न्हाई.”

सम्राट हातातलं पेगचं माप फडक्याने पुसत होता. ते त्याने पिंपाचं प्रमाण धरायला नेलं होतं आणि ते कोरडं होतं.

वंदनेची वेळ झाली. आईने मेणबत्ती लावली. एकेक शील ती म्हणत गेली आणि आम्ही मागून म्हणत गेलो. चौथं झाल्यावर ती थांबली. तिने मेणबत्ती उचलली आणि स्वतःच्या पलीकडे ठेवली, सम्राटचा हात पोचणार नाही अशी. मग तिने पाचवं शील म्हटलं आणि वाट पाहिली.

मीही म्हटलं नाही. ते त्याच्यासाठी थांबलेलं होतं.

सम्राटने पाचवं शील म्हटलं. पहिल्या शब्दाला आवाज थोडा घोगरा निघाला, पुढचे नीट आले. वात सरळ जळत होती.

वंदना संपल्यावर आई उठायला लागली, तेव्हा तो बसूनच राहिला.

“आई, मी सुप्याचा बार चालवायला घेतोय. पाटीवर माझं नाव लागणार आहे.”