मधलं शटल

शटल दोघींच्या बरोबर मध्ये पडलं. गालुह डावीकडे, तितिस उजवीकडे, मध्ये जेमतेम हातभर जागा, आणि त्या जागेत ते आपलं निवांत येऊन बसलं.

"अगं, मला वाटलं तू घेशील," गालुह म्हणाली.

"आणि मला वाटलं तुला हवंय."

"चुकलं माझं."

"छे गं, माझंच चुकलं."

दोघी हसल्या, एकमेकींच्या तळहातावर तळहात टेकवला आणि जागेवर गेल्या. जाळीपलीकडे त्यांच्याच बॅडमिंटन क्लबमधल्या दोन लहान मुली होत्या. गुण त्यांना मिळाला होता, आणि त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

त्यांची प्रशिक्षक वुर्यानी बाकावर बसून बघत होती. ते शटल गालुहचं होतं. उजव्या हाताने खेळणारी डावीकडे उभी असेल तर मधलं शटल तिच्या सरळ हाताशी येतं, ते तिनेच घ्यायचं, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरींनाही ठाऊक असतं. गालुहला ठाऊक नव्हतं थोडंच! पण हे जावा बेटावरचं सोलो शहर. इथे जन्मलेल्या माणसाला दारातून दुसऱ्याच्या आधी बाहेर पडायचीसुद्धा भीड वाटते.

या दोघी अकराव्या वर्षापासून क्लबच्या वसतिगृहात शेजारशेजारच्या खाटांवर झोपत आलेल्या. आता सतरा वर्षांच्या झाल्या होत्या. गेल्या वर्षीपर्यंत प्रांतात त्यांच्यासमोर कुणी टिकत नव्हतं. मग दोघीही उंच झाल्या, दोघींच्या खांद्यात ताकद आली आणि दोघींनाही मागे उभं राहून जोरात मारायला आवडू लागलं. जाळीपाशी जायचं कुणी? "तू जा" असं एकीनेही दुसरीला म्हटलं नाही. मनातून दोघींना मागचं कोर्ट हवं, आणि दोघी ते एकमेकींना देत सुटलेल्या. आरडाओरडा करणारी कुठलीही साधी जोडी आता त्यांना हरवून जायची.

उपाय वुर्यानीला दिसत होता. जोडी मोडायची. जाळीपलीकडच्या त्या लहान मुली जाळीवर मांजरीसारख्या चपळ होत्या. एक गालुहला द्यायची, एक तितिसला. प्रांताच्या स्पर्धेसाठी शनिवारपर्यंत नावं कळवायची होती. गुरुवार उजाडला तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"अजून नाही सांगितलंस?" घरी तिच्या नवऱ्याने, कार्सिदीने विचारलं. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, मूळचा बन्युमासचा. तिकडची माणसं मनात येईल ते सरळ बोलून मोकळी होतात. तो कढईत टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी सोडत होता, त्याच्या गावच्या पद्धतीने, बाहेरून शिजलेली आणि आतून मऊ. "तुम्ही सोलोची माणसं म्हणजे कमाल आहे, बुने. घराला आग लागली तर आधी शेजाऱ्याची झोप मोडली म्हणून माफी मागाल आणि मग पाणी मागाल."

"पाक्ने, तुम्हाला नाही कळायचं. तुमची जोडी कुणी मोडली नाही." बुने म्हणजे पोरांची आई, पाक्ने म्हणजे पोरांचा बाप; घरात दोघं एकमेकांना हीच हाक मारत.

"माझी जोडी चाळीस वर्षं मलाच मोडता येत नाहीये," तो म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा त्याने गॅस बारीक केला. "परत लिएनचंच ना?"

लिएनचंच होतं. वुर्यानी आणि लिएन. एके काळी ही दोन नावं रेडिओवर एका दमात घेतली जायची. तांदळाच्या जुन्या गोदामात आखलेल्या कोर्टावर दोघी शिकल्या. तिथे वारा आत येऊ नये म्हणून खिडक्यांना पोती लावायचे, आणि पिसं तुटू नयेत म्हणून खेळाआधी शटल किटलीच्या वाफेवर धरायचे. लिएन चिनी वाण्याची मुलगी, वुर्यानीहून दोन वर्षांनी मोठी, जाळीपाशी अशी उभी राहायची की पलीकडच्यांना सगळं कोर्ट बंद झाल्यासारखं वाटावं. दोघी जाकार्ताच्या राष्ट्रीय शिबिरात एकदमच गेल्या. थंड देशांतल्या विमानतळांवर एका शालीत बसल्या, एका डब्यातला भात खाल्ला. आणि एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मोठ्या प्रशिक्षकांनी सांगितलं, वुर्यानी उद्यापासून नव्या मुलीबरोबर खेळेल, लिएनने घरी जावं.

लिएन एक शब्द बोलली नाही. स्टेशनवर दोघी रडल्या. नव्या मुलीबरोबर वुर्यानीने पुष्कळ जिंकलं, नाव मिळवलं, त्या नावावरच पुढे ती प्रशिक्षक झाली. पण कुठलाही चषक हातात घेताना तिला वाटायचं, याचा अर्धा भाग कुणीतरी कापून नेलाय. लिएनशी नंतर भेटी झाल्या, लग्नाकार्यात गप्पा झाल्या, पण त्या सकाळचा विषय दोघींनी कधीच काढला नाही. तिची जखम आपण कशाला उघडायची!

"मग तिलाच विचार," कार्सिदी म्हणाला.

"काय विचारू? तुझं आयुष्य मोडलं तेव्हा कसं वाटलं, असं?"

"हो. असंच." त्याने तिचा फोन उचलून तिच्या हातात ठेवला आणि भजी उलटायला गेला.

लिएन सेमारांगला असते. मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मागून गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. वुर्यानीने आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग नातवंडांची, मग पावसाची. शेवटी लिएनच म्हणाली, "वुर, तू बाजारभाव विचारायला फोन केला नाहीस. बोल."

वुर्यानी बोलली. मुलींचं सगळं सांगितलं आणि मग, चिनी घरांत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तिला ‘ची’ म्हणत, अडखळत विचारलं, "ची लिएन, त्या दिवशी तुला… फार लागलं होतं का गं?"

पलीकडे गल्ल्याचा खण बंद झाल्याचा आवाज आला. मग लिएन खो खो हसायलाच लागली.

"लागलं? अगं वेडे, मी सुटले होते! माझा गुडघा कामातून गेला होता. पहाटे उठून धावायचा मला वीट आला होता. आणि सेमारांगचा तो दातांचा डॉक्टर लग्नासाठी कधीचा माझी वाट बघत बसला होता. तुला सोडून कसं जायचं म्हणून वर्षभर अडकून पडले होते मी. त्यांनी काढलं तेव्हा मनात म्हटलं, देवा, तुझे उपकार! गाडीत बसल्या बसल्या दोन डबे तळलेल्या नूडल्स संपवल्या."

"पण तू स्टेशनवर रडलीस!"

"तू रडत होतीस ना. तुला एकटीला कसं रडू द्यायचं?"

वुर्यानीला आधी राग आला, चांगलाच. इतकी वर्षं! इतक्या वर्षांचं दुःख तिने काळजीने पुसून, झाकून ठेवलं होतं, आणि मालकीण म्हणते ते माझं नव्हतंच.

"मला सांगायचं तरी होतंस!"

"तू विचारायचं होतंस," लिएन म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "खरं सांगू? मला वाटलं तुला वाईट वाटेल. मी खूश आहे म्हणून."

फोन ठेवल्यावर वुर्यानी खुर्चीत मागे रेलून नुसती बसून राहिली. छातीवर इतकी वर्षं कुणी बसलेलं होतं आणि ते उठून गेल्यावरच कळावं, तसं तिला झालं. कार्सिदीने समोर बशी ठेवली. तिने भज्यांबरोबरच्या हिरव्या मिरचीचा चावा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं की कशाचं हे त्याने विचारलं नाही, आणि बन्युमासच्या माणसाच्या मानाने हे फारच झालं.

शुक्रवारी सराव संपल्यावर तिने दोघींना बाकावर बसवलं आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं. पुढच्या स्पर्धेत तुम्ही वेगवेगळ्या खेळाल. दोघींना मागचं कोर्ट, दोघींना जाळीवर एकेक नवी मुलगी.

गालुह पांढरीफटक पडली. तितिस पायातल्या बुटांकडे बघत राहिली.

"तितिस, बोल बाळा. रागावली असशील तरी बोल."

"इबू," तितिस म्हणाली. क्लबमधल्या सगळ्याच मुली तिला इबू, म्हणजे आई, म्हणत. "मला… मला सगळं मागचं कोर्ट हवंच होतं. कधीपासून."

गालुह गर्रकन वळली. "कधीपासून म्हणजे? मला का नाही बोललीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मी तिकडे जाळीपाशी मरतेय तुझ्यासाठी! मला आवडतं तिथे जायला?"

"मग नको जाऊस म्हणायचं होतंस! तू काही म्हणतेस कुठे? पंख्याचा वारा तुझ्या अंगावर येतो, तुला थंडी वाजते, तेही तू कधी म्हणत नाहीस. नुसती रात्रभर चादर ओढून कुढत असतेस!"

"कारण तुला उकडतं! आणि तो तुझा सुक्या माशांचा डबा, त्याला घाण वास येतो! सहा वर्षं येतो!"

"आता सांगतेस?"

हॉलमध्ये इतका आवाज चढला की पलीकडच्या कोर्टावरचा खेळ थांबला आणि पहारेकरी दारातून डोकावला. वुर्यानीने त्याला हातानेच सांगितलं, असू दे. सोलोतल्या दोन मुली तोंडावर भांडत होत्या आणि ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. शिबिरातल्या नाश्त्याच्या टेबलावर असं कुणी भांडलं असतं तर! तिने एक लांब श्वास सोडला. दोघींत मोडण्यासारखं काही नव्हतं. जे तुटत होतं, ते नुसतं सौजन्य होतं.

गालुहने पुढे आठवडाभर अबोला धरला. मग एका सकाळी ती वुर्यानीकडे आली.

"इबू, तितिसची सर्व्हिस कशी तोडायची?"

"तिलाच विचार."

गालुह गेली आणि खरोखरच विचारून आली. तितिसने चुकीचं सांगितलं होतं, हे तिला दुपारी कळलं. तिची आरोळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेली. रात्री दोघी एकाच ताटातला भात खात होत्या.

प्रांताची स्पर्धा तेगालला झाली. उपांत्य फेरीत दोन्ही नव्या जोड्या समोरासमोर आल्या. कोर्टाच्या दोन्ही टोकांना प्रशिक्षकांसाठी खुर्च्या असतात. पण एकाच क्लबच्या जोड्या एकमेकींशी खेळतात, तेव्हा प्रशिक्षक कुणाच्याच मागे बसत नाही. दोन्ही खुर्च्या मोकळ्या राहतात. वुर्यानीने आपली पिशवी उचलली आणि गॅलरीच्या पायऱ्या चढून कार्सिदीशेजारी जाऊन बसली.

"आज काम नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग चप्पल काढ की."

तिने चप्पल काढली आणि पाय समोरच्या बाकड्यावर ठेवले. खाली तितिसने सवयीने मागे वळून खुर्चीकडे पाहिलं, खुर्ची रिकामी दिसली तशी मान फिरवली. पहिलंच शटल गालुह आणि तिच्या नव्या जोडीदार मुलीच्या मध्ये आलं.

"माझं!" गालुह एवढ्या जोरात ओरडली की पंचांनी मान वर केली, आणि तिने ते तितिसच्या पायांशी मारलं.

"बघ, बघ, कशी भांडतेय," कार्सिदी म्हणाला. वुर्यानीने त्याच्या हातातला भज्यांचा पुडा स्वतःकडे ओढून घेतला आणि कुणालाही खुणा न करता, कुणाचेही गुण न मोजता, पुढचा खेळ बघू लागली.