मशीनकाकूंची कुरकुर

"मशीनकाकूंचं दुधाचं भांडं आज दाराशी नाही. जरा डोकावून या," असं दूधवाला सांगून गेला, तेव्हा शेजारच्या घरातली सून पोरीला अंघोळ घालत होती. "लेकीकडे गेल्या असतील," एवढं बोलून तिनं पोरीच्या कानामागचा साबण पुसला.

खरं तर अख्ख्या गल्लीत तिच्याइतकं काळजीखोर माणूस नव्हतं. निजलेल्या पोरीच्या नाकाशी दिवसातून दहादा बोट धरायची. गल्ली तिला कॉलेजवाली म्हणायची, आणि सासू म्हणायची, "हिनं काळजीचीच पदवी घेतलीय." पण त्या दिवशी तिची काळजी उंबऱ्याच्या आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचं दार फोडावं लागलं. काकू न्हाणीच्या तोंडाशी पडलेल्या. दीड दिवस. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकून फुटलेले, तरी शुद्धीवर. "आलीस का गं?" म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर वाटी आपटत होते मी."

वाटी तिनं ऐकली होती. उंदीर असेल म्हणून सोडून दिली होती.

काकू दवाखान्यातून आणि मग लेकीकडून परत आल्या तोवर ऊन तापलं होतं, शेतं तडकून पडली होती आणि गल्लीत घोट्याएवढा धुळीचा फुफाटा झाला होता. घराला पत्र्याचं नवं दार लागलं होतं. लेक सोबत आलेली. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "महिनाभर बघते. पुन्हा पडलीस आणि कुणाला कळलं नाही, तर घराला कुलूप. माझ्याकडे यायचं."

"चाळीस वर्षं या घरात मशीन चालवलं," काकू म्हणाल्या. "घर सोडायची नाही मी."

"रोज सकाळी मी येऊन बघत जाईन," कॉलेजवाली म्हणाली.

"बघायला यायला मी काय बाजारात बांधलेली म्हैस आहे?" काकूंनी तिथंच तोडून टाकलं.

मग काय करायचं? बघायला गेलेलं चालत नाही आणि न बघून भागत नाही. चार दिवस ती खिडकीतून त्या पत्र्याच्या दाराकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी तिची नजर गेली कुंपणाला टेकवलेल्या जुन्या दाराकडे. कडीपाशी फुटलेलं, पण फळ्या अजून दणकट. शेजारी काकूंच्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा. मशीन कधीच विकलेलं, पण खालची चाकं आणि पायडल शाबूत.

तिनं पोरीला सासूच्या मांडीवर दिलं आणि पक्कड घेऊन दारातले खिळे उपटायला बसली.

"गल्लीत भंगार मांडणार? लोक हसतील," सासू म्हणाली.

"हसू देत. हसायला तरी थांबतील."

सासूनं उपटलेला एक वाकडा खिळा उचलून पाहिला. मग म्हणाली, "माळ्यावर माझा मोडका पलंग आहे. त्याचं लोखंड घे. ह्या खिळ्यांवर काकू बसली तर दुसरा खुबा जाईल."

नवऱ्यानं पलंग कापून त्याची बुटकी चौकट जोडली. दाराची खालची बाजू तिच्यावर बसली, तो झाला बाक. वरची बाजू मशीनच्या सांगाड्यावर गेली, ते टेबल. उरलेली एक रुंद फळी पाठ टेकायला. सगळं काकूंच्या दारासमोर, झाडाखाली मांडलं. काकू काठी टेकत आल्या, बसल्या, आणि न सांगता त्यांचा पाय पायडलवर गेला.

कुर्र... कुर्र... कुर्र.

"डॉक्टर म्हणालेच होते, पाय हलता ठेवा," काकू म्हणाल्या आणि कांदे निवडायला मागितले.

रोज सकाळी ती कुरकुर सुरू झाली. चुलीपाशी बसल्या जागी कॉलेजवालीला कळायचं, काकू उठल्या. बघायला जायचं कामच नाही.

आठवड्यात ट्रॅक्टरवाला आडवा आला. गल्लीच्या तोंडाला त्याचं घर.

"उचला हे. रस्ता काय कुणाच्या मालकीचा आहे?"

"पुरलेलं काही नाही. चाकं आहेत," ती म्हणाली. तिनं पिशवीतून काकूंचीच शिलाईची टेप काढली. "मोजलंय मी. तुमचा ओटा यापेक्षा तीन हात बाहेर आहे. आधी तो उचला, मागोमाग आम्ही हे ढकलतो."

काकू कांद्यात तोंड घालून हसत होत्या.

"निदान त्या कुरकुरीला तेल घाला! डोकं उठलंय माझं."

"तेल घालायचं नाही. ऐकू येतंय ना तुम्हाला तिकडे? झालं तर मग. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी दार वाजवायचं."

"मी? मला दुसरी कामं नाहीत?" फुफाटा उडवत तो निघून गेला.

महिना भरायला दोन दिवस होते. सकाळ झाली आणि कुरकुर नाही. कॉलेजवालीच्या हातातून भांडंच पडलं. पोरीला काखेत मारून ती अनवाणी धावली, तर पत्र्याच्या दारावर आधीच दणादण मुठी पडत होत्या. ट्रॅक्टरवाला! दाढीला अर्धा साबण तसाच.

"काकू! ओ काकू! बोला काहीतरी!"

दार उघडलं. काकूंच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात मशीनच्या तेलाची बाटली.

"ओरडतोस कशाला? जिवंत आहे. पहाटे पायडलला तेल घातलं. मशीन असं केकाटलेलं मला जन्मात खपलं नाही."

ट्रॅक्टरवाल्यानं कपाळावर हात मारला. मग त्यानंच घरून चिंधी आणि रॉकेल आणलं, सांध्यात बोटं घालून तेलाचा थेंबन् थेंब पुसून काढला. वर मूठभर फुफाटा टाकला. "चालवा बघू."

कुर्र.

"हां," तो म्हणाला. "आता बरं वाटलं."

लेक आली ती हे सगळं ऐकून बाकावर बसून राहिली. कुलूप पिशवीतच राहिलं.

त्या दुपारी कॉलेजवालीनं पत्र्याच्या दाराचा उरलेला रंग घेतला. बाकाच्या पाठीवर, जिथं जुनी फुटकी कडी अजून लटकते, तिथं वाचणाऱ्यासाठी लिहिलं:

"बसा, दम खा. पण सकाळी कुरकुर ऐकू आली नाही आणि बाक रिकामा दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. समोरचं पत्र्याचं दार वाजवा. उंदीर असेल असं म्हणू नका."