मोठं हिरवं बटण

वायरमनकाकांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि मी चिडलेच. दुरुस्तीच्या दुकानात बसून माझा स्वभावच तसा झालाय. लोक आपल्या हातानं वाटोळं करून आणतात आणि वर विचारतात, "होईल ना?"

काही वर्षांपूर्वी काकूंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून काकांनी एका जुन्या रेकॉर्डरवर त्यांचं बोलणं भरून ठेवलं. आता काकूही नाहीत. रेकॉर्डर बंद पडायला लागला तेव्हा त्यांच्या मुलीनं सगळं लॅपटॉपवर घेऊन दिलं, पण त्या फायली काही वाजेनात. काका फुकटचा प्लेयर शोधायला बसले. पानभर डाउनलोडची बटणं. त्यांनी सगळ्यात मोठं, हिरवं दाबलं. ती जाहिरात होती.

"अँटिव्हायरस ओरडला नाही?"

"ओरडला ना. पण तिथं लिहिलं होतं, आधी संरक्षण बंद करा, मग इन्स्टॉल करा. मला पटलं. मेन स्विच पाडल्याशिवाय मी उभ्या जन्मात वायरीला हात लावला नाही, पोरी."

चार शब्द सुनावायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

व्हायरसनं सगळ्या फायलींना कुलूप घातलं होतं. मुलीनं पेनड्राइव्हवर करून दिलेली प्रतही गेली, कारण तो लॅपटॉपला लावलेलाच होता; जुना रेकॉर्डर तर केव्हाच भंगारात गेला होता. मी जंग जंग पछाडलं, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारलं आणि शेवटी हात टेकले. काकांना सांगताना मला रडू आवरेना.

काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बरोबर कसं करायचं असतं, ते तरी दाखव."

मी साफ केलेला लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. वर येणाऱ्या जाहिराती सोडायच्या, पत्ता नीट वाचायचा, ज्यांनी प्रोग्रॅम बनवला त्यांच्याच साइटवरून घ्यायचा, संरक्षण बंद करा म्हटलं की तिथूनच मागं फिरायचं. काकांनी सगळं स्वतः केलं. प्लेयर उघडला. पडदा रिकामा.

"एवढंच होतं?"

"एवढंच, काका."

"रेकॉर्ड करताना म्हटलं, रोज हाक मारतेस तशी मार. तर लाजली, मग मारली." ते हळूच स्वतःशी म्हणाले, "अहो, ऐकलंत का..."

मग मान हलवली.

"असं नाही," ते म्हणाले. "असं नव्हतं."