इंदूबाईंना विचारून

तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत पोरं लाकडी बैल सजवून फिरत होती, आणि शेजारच्या बंद घरातून इंदूबाई हाका मारत होत्या. त्यांचा मुलगा रोशन बायकोला घेऊन सकाळीच नरखेडकडे सासुरवाडीला गेला होता. मागे एकदा म्हातारी घराचा रस्ता चुकली होती, म्हणून त्यानं बाहेरून कुलूप घातलं होतं.

मी खिडकीतून पाहिलं तर त्या फरशीवर पडलेल्या, एक हात पोटाशी धरलेला. रोशन फोन उचलेना.

"दुसऱ्याच्या घरचा मामला हाये, तू काहून पडून राहिली त्यात?" माझे यजमान म्हणाले.

तरी मी म्हाताऱ्या माणसांसाठी असलेल्या हेल्पलाइनला फोन लावला. सणाच्या दिवशी कोण उचलणार, असं वाटलं होतं. दीक्षा नावाच्या बाईनं लगेच उचलला.

"शुद्धीवर आहेत ना? मग तुम्ही खिडकीपाशीच थांबा, त्यांच्याशी बोलत राहा. पोलिसांना आणि अॅम्ब्युलन्सला मी कळवते, आणि मीही निघते."

ती स्कूटीनं पोलिसांच्याही आधी पोहोचली. खिडकीशी खाली बसली.

"आजी, मी दीक्षा. कुलूप उघडाले लोक येऊन राहिले. तुमाले आत्ता काय पाह्यजे?"

"लुगडं ओलं झालं वं," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "असं कोणाले पाहू देऊ नको."

पोलिसांनी कुलूप तोडलं, पण दीक्षानं सगळ्या पुरुषांना दाराबाहेरच थांबवलं. दुखरा हात न हलवता आम्ही दोघींनी इंदूबाईंना कोरडं लुगडं गुंडाळलं, वर चादर घातली. मगच तिनं स्ट्रेचर आत बोलावलं.

अॅम्ब्युलन्समध्ये मीही बसले. इंदूबाई दीक्षाला म्हणाल्या, "रोशनचं नाव नको सांगू. तो वाईट नाही."

होकार देणं सोपं होतं. दीक्षानं तो दिला नाही.

"कुलूप होतं हे मी लपवणार नाही, आजी. पण तुमी कुठं राहाल, कोणासंग राहाल, हे तुमाले विचारल्याबिगर ठरणार नाही."

इंदूबाईंनी थोडा विचार केला. "मंग यमुले बोलवा," त्या म्हणाल्या. यमुताई म्हणजे पारशिवनीची त्यांची धाकटी बहीण.

संध्याकाळी रोशन दवाखान्यात आला तो ओरडतच. "सणासुदीच्या दिवशी लोकांच्या घरात घुसता, दुसरं काम नाही काय तुमाले?"

दीक्षानं त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "आधी आईले भेटा. आपण मंग बोलू."

प्लास्टरमधला हात पाहून तो पलंगाशेजारी बसला. यमुताई आली तेव्हा त्यानंच तिला खुर्ची दिली.

हात बरा होईस्तोवर इंदूबाई पारशिवनीला राहिल्या. मग स्वतःच्या मर्जीनं परत आल्या, पण आधी दीक्षासमोर रोशनकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. बाहेरून कुलूप लागणार नाही, आणि घरचे बाहेर गेले की सोबतीला बाई राहील.

दीक्षा अजून मधूनमधून येते. दारात थांबून विचारते, "येऊ का, आजी?" इंदूबाई हो म्हणेपर्यंत ती आत पाऊल टाकत नाही.