निमकरांचा मोगरा आणि रिज़वी साहेबांच्या कुंड्या

धनंजय निमकर सांगलीचा. बँकेने बदली केली म्हणून १९९४ साली लखनौला आला आणि इंदिरा नगरात तळमजल्यावरचं भाड्याचं घर घेतलं. घराला हातभर बाग होती. त्याच्या बायकोने, लतिकाने, हौसेने कुंपणाच्या बुटक्या भिंतीला लागून मोगऱ्याची रांग लावली.

"रोज सकाळी दहा मिनिटं पाणी घालायचं, एवढंच काम तुमच्याकडे," ती म्हणाली. "एकवीस दिवस सलग केलंत, तर मी मानेन."

"एकवीस काय, वर्षभर घालीन!" धनंजय म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो साडेपाचला उठू लागला. पण चष्मा लावला की झोप पार उडते, आणि पाणी घालून त्याला परत आडवं व्हायचं असे. म्हणून चष्मा उशाशीच राही. नळाला पाइप लावून समोर जे हिरवं-पांढरं दिसेल त्यावर तो अर्धवट झोपेत धार सोडी. पांढरं दिसलं की तो मोगरा, असा त्याचा साधा हिशेब होता.

बारा दिवस झाले. मोगरा मात्र सुकत चालला. "लखनौची लू, हे गरम वारं, दुसरं काय!" धनंजयने निदान केलं.

तेराव्या दिवशी शेजारचे रिज़वी साहेब भिंतीपाशी उभे होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीचा कुर्ता, मऊ आवाज.

"निमकर साहब, किस ज़बान से शुक्रिया अदा करूँ? रोज़ सुबह हमारे गमलों को पानी! आजकल कौन किसी का इतना ख़याल रखता है?"

धनंजयने आत धावत जाऊन चष्मा आणला. भिंतीपलीकडे पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या कुंड्यांची रांग होती, आणि मधल्या पायवाटेवर पाण्याची तळी साचली होती. अलीकडे मोगऱ्याची माती खडखडीत.

"चुकून झालं," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "अरे, इसमें क्या है! पड़ोसी हैं."

आता पंचाईत झाली. उपकार एकदा कबूल केला, तो थांबवायचा कसा? तो चष्मा लावून दोन्हीकडे पाणी घालू लागला. दहा मिनिटांची पंचवीस झाली. त्यात दर दोन-तीन दिवसांनी पलीकडे नव्या कुंड्या दिसू लागल्या.

"आज परत तीन नव्या आणून ठेवल्यात," तो चहा घेताना कुरकुरला. "सज्जन दिसतो, पण माणूस लोचट आहे."

"मग सांगा ना स्पष्ट," लतिका म्हणाली.

"इथे स्पष्ट बोलायचं? अगं, इथला सब्जीवालासुद्धा भाव सांगायच्या आधी तब्येत विचारतो!"

दहा वर्षांची मैत्रेयी म्हणाली, "पापा, बोल दो कमर में दर्द है."

धनंजयला ते पटलं. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून, थोडं वाकून तो रिज़वींकडे गेला. "साहब, माफ़ कीजिए. कमर ने जवाब दे दिया. कल से आपके गमलों को पानी नहीं दे पाऊँगा."

"ख़ुदा का शुक्र है!" रिज़वी साहेब उत्स्फूर्तपणे म्हणाले. मग जीभ चावली, कानापर्यंत लाल झाले. "मेरा मतलब, आपकी कमर..."

आतून बेगमसाहेबांचं हसू ऐकू आलं. "अब दिखा ही दीजिए इन्हें!"

रिज़वींनी त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे अकरा कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. झाडं पिवळी, मुळं कुजलेली.

"मैं ख़ुद पाँच बजे पानी देता हूँ," ते खालच्या मानेने म्हणाले. "साढ़े पाँच पर आपकी मेहरबानी बरसती थी. जो बीमार पड़ा उसे यहाँ ले आया, उसकी जगह दूसरा रख दिया. आप इतनी मुहब्बत से देते थे, रोकता कैसे?"

धनंजयची कंबर क्षणात सरळ झाली. त्यानेही चष्म्याची, झोपेची, सगळी कहाणी सांगून टाकली. रिज़वी साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी त्याला एक शिकवलं: आधी बोट मातीत दोन पेरं खुपसायचं. ओल लागली तर पाइपला हातच लावायचा नाही.

त्यानंतर रोज सकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघे मातीत बोटं घालून बसू लागले. "आपकी क्या राय है?" "पहले आप फ़रमाइए." गप्पांना एवढा रंग चढे की धनंजयला बँकेत दोनदा उशीर झाला. एकवीस दिवस केव्हाच उलटून गेले होते, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

जूनमध्ये पहिला मोगरा फुलला, तोही नेमका भिंतीच्या माथ्यावर, निम्मा पलीकडे झुकलेला.

"आपके यहाँ झुका है, आप लीजिए," धनंजय म्हणाला.

"जड़ आपके यहाँ है हुज़ूर, पहला हक़ आपका."

पाच मिनिटं हे चाललं होतं. शेवटी लतिका स्वयंपाकघरातून आली, हात लांब करून तिने फूल खुडलं, वेणीत खोवलं आणि म्हणाली, "अहो, पोळ्या गार होताहेत."